दोन्हीकडे सरकार घरीच!

आमच्या घरात दोन गोष्टी कधी टाकवत नाहीत. दह्याचे रिकामे डबे आणि किस्से. दोन्ही धुऊन-पुसून ठेवायचे, दोन्हींची झाकणं ऐन वेळी सापडत नाहीत, आणि चार माणसं जमली की दोन्ही बाहेर येतात. डब्यांतून उरलेली भाजी पाहुण्यांच्या घरी जाते आणि डबे तिकडेच राहतात. किस्से मात्र परत येतात, आणि येताना थोडे जाड होऊन येतात.

यंदाच्या हिवाळ्यापासून एकाच विषयावरचे इतके साठले आहेत की आता कपाट बंद होत नाही. म्हणून सांगून टाकते.

आमची गँग छोटी आहे. मी वर्षा, नाशिकची. आता अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एका बायोटेक कंपनीत क्वालिटी बघते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. माझा नवरा मिलिंद हा सिग्नल पिवळा व्हायच्या आधीच थांबणारा माणूस. ज्योती नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये. तिचा नवरा नितीन नोकरीपायी तिकडे पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला असतो, महिन्यातून एकदा घरी येतो. त्यांची मुलगी रेवा अकरावीत. आणि प्रमोद. प्रमोद मूळचा तासगावचा, पण पुण्यात इंजिनिअरिंग केल्यापासून पुणेकर.

गाव श्रूजबरीच्या शेजारचं. नाव सांगत नाही. गावात मराठी वाचणारे जे आहेत ते या किश्श्यांतच आहेत, त्यांना कळेलच. आम्ही सगळे इथे एकाच गोष्टीसाठी आलो, ती म्हणजे इथलं सरकारी हायस्कूल. इथे घर घेताना लोक किचन नंतर बघतात, आधी शाळा बघतात. घराचा टॅक्स भरायचा, त्यातून शाळा चालते. आम्ही वर्षानुवर्षं टॅक्स भरतोय. मत द्यायचं म्हटलं तर? ते पुढे येईलच.

*

सुरुवात संक्रांतीला झाली. आमच्या बेसमेंटमध्ये पार्टी होती. तिळगूळ वाटून झाला, बायकांचं वाण लुटून झालं, आणि प्रमोदने लॅपटॉप टीव्हीला जोडला. प्रमोदला तुलना केल्याशिवाय चहा गोड लागत नाही. इथलं दूध विरुद्ध तिथलं दूध, इथले खड्डे विरुद्ध तिथले खड्डे. त्या दिवशीचा विषय होता, बारावीपर्यंतच्या एका मुलामागे सरकार किती खर्च करतं. भारत विरुद्ध अमेरिका!

टीव्हीवर दोन खांब उभे राहिले. अमेरिकेचा पार वरपर्यंत गेला. भारताचा टीव्हीपुढे ठेवलेल्या तिळगुळाच्या वाटीमागे लपला.

ज्योती म्हणाली, "वाटी हलव ना रे. भारत दिसूनच नाही राहिला."

वाटी हलवली. तरी फारसा दिसला नाही.

प्रमोदचे वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. काका नुकतेच सहा महिन्यांसाठी आले होते. तासगावकडच्या एका विनाअनुदानित ज्युनियर कॉलेजात त्यांनी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. विनाअनुदानित म्हणजे कॉलेजला मान्यता सरकारची, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा सरकारची, फक्त मास्तरचा पगार सरकारचा नाही. 'अनुदान येणार' हे ऐकत काकांची निम्मी नोकरी गेली. घर चाललं ते काकूंच्या मिरची कुटायच्या डंकावर.

काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "प्रमोद, यात विनाअनुदानित कुठं धरलेत?"

"धरले नाहीत, बाबा. हा फक्त सरकारचा खर्च आहे."

"म्हणजे मी यात नाही."

"नाही."

"आणि मी शिकवलेली पोरं?"

"त्यांच्यावर सरकारने केलेला खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे ती..." प्रमोद अडखळला.

"बरं," काका म्हणाले. "मग त्यातलं एक पोरगं टीव्हीच्या पुढं उभं आहे. त्याला जरा बाजूला घे. मला चित्र दिसत नाही."

*

काकांना हायस्कूल बघायचं होतं. पालकांसाठी शाळा उघडी ठेवतात त्या संध्याकाळी मी आणि ज्योती त्यांना घेऊन गेलो. पार्किंग लॉटमध्ये गाड्याच गाड्या. काका म्हणाले, "एवढे शिक्षक?" ज्योती म्हणाली, "काका, ह्या पोरांच्या गाड्या आहेत. शिक्षक तिकडे मागे लावतात, त्यांच्या जुन्या असतात."

पोहण्याचा तलाव बघितला, थिएटर बघितलं. मग आम्ही फिजिक्सच्या लॅबमध्ये गेलो आणि काका दारातच थांबले. टेबलांवर सगळं मांडून ठेवलेलं होतं. स्प्रिंगा, भिंगं, वजनं, मीटर. कोणीही यावं, हात लावावा.

काकांनी तिथल्या शिक्षिकेला त्यांच्या स्वच्छ पुस्तकी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हेअर इज द लॉक?"

तिला कळेना. कसलं कुलूप?

काका आमच्याकडे वळून म्हणाले, "आमच्या कपाटाला कुलूप असायचं. आत एक चांगला व्होल्टमीटर. किल्ली संस्थेच्या अध्यक्षांकडं. व्होल्टमीटर वर्षातून एकदा बाहेर यायचा, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. पोरं आत आली की आधी त्याला नमस्कार करायची!"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक मीटर उचलला, काटा हलतो का पाहिलं, आणि परत होता तिथे नीट ठेवला. मला त्या वेळी अचानक फार राग आला. कुणावर ते नीट सांगता येणार नाही. त्या अध्यक्षांवर, प्रमोदच्या खांबांवर, आणि तो तलाव बघून 'वॉव' म्हणणाऱ्या माझ्यावरही.

*

आता एवढी श्रीमंत शाळा. तरी फेब्रुवारीत रेवा खांद्यावर चॉकलेटचं खोकं घेऊन घरी आली. शाळेच्या बँडला नवे ड्रम हवेत, म्हणून प्रत्येक मुलाने दारोदार जाऊन चॉकलेटं विकायची.

ज्योतीला हे पटेचना. "एवढा टॅक्स घेतात आणि पोरांना फेरीवाले करून राहिले?"

मग तिने तेच केलं जे आपल्याकडची प्रत्येक आई करते. सगळं खोकं स्वतःच विकत घेतलं. शाळेत रेवाचं कौतुक झालं, 'टॉप सेलर' म्हणून तिचं नाव लावलं, आणि बक्षीस म्हणून आणखी एक खोकं दिलं!

पुढचे दोन महिने ज्योतीच्या घरी गेलं की चहाबरोबर चॉकलेट. पोह्यांनंतर चॉकलेट. उपास आहे म्हटलं तर "चॉकलेट चालतं ना!"

असंच एकदा चॉकलेट चघळत प्रमोदने पुन्हा खांबांचा विषय काढला. काका म्हणाले, "अरे, काय लावलंयस? आमच्याकडं संस्थाचालक देणगीसाठी दारोदार फिरायचे. इथं पोरं फिरतात. सरकार दोन्हीकडं घरीच!"

प्रमोदने त्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही.

*

रेवाबद्दल थोडं सांगायला हवं. रेवाचा जन्म वूस्टरचा. ती सातवीत असताना सगळे सुट्टीला नागपूरला गेले आणि नितीनचा व्हिसा तिकडेच अडकला. दोन वर्षं अडकला. रेवा नागपूरच्या शाळेत गेली, तिथली भाषा उचलली, आणि परत आल्यावर इथल्या शाळेने तिला एक वर्ष खाली बसवलं. त्यामुळे बाकीची पोरं सतरा वर्षांची, आणि ही एप्रिलमध्ये अठराची झाली. हे लक्षात ठेवा.

तर या रेवाने अकरावीत एक विषय घेतला, ऑटो शॉप. शाळेच्या मागे एक मोठं गॅरेज आहे, तिथे पोरं खऱ्या गाड्या उघडून दुरुस्त करायला शिकतात. ज्योतीला वाटलं, 'ऑटो' आहे म्हणजे ऑटोमेशन असेल, कॉम्प्युटरचंच काहीतरी. ती खुशीत होती. मग एक दिवस रेवाच्या नखांत काळं ग्रीस दिसलं.

"हे काय?"

"ब्रेक्स, आई."

ज्योती तशीच गाडी काढून शाळेच्या काउन्सेलरला भेटायला गेली, आणि सोबत म्हणून मला घेऊन गेली. काउन्सेलर मोठी प्रेमळ बाई. तिने रेवाचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणाली, तुमच्या मुलीला इंजिन नुसतं ऐकून कळतं, पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड कोर्स केला तर तिला या क्षेत्रात कुठेही जाता येईल. "शी हॅज अ गिफ्ट!"

ज्योती म्हणाली, "या देशात सगळं रिटर्न करता येतं. हे गिफ्ट कुठे रिटर्न करायचं ते सांगा!"

काउन्सेलरला तो विनोद वाटला. मला माहीत होतं की तो नव्हता.

*

मार्चमधली गोष्ट. बाहेर गोठून सगळं काचेसारखं झालेलं. मी आणि ज्योती वूस्टरला भाजी घ्यायला गेलो होतो. परतताना ज्योतीची गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक्. नितीन बॉथेलला मीटिंगमध्ये. मिलिंद फोनवर म्हणाला, "गाडीत बसून राहा, दारं लॉक करा, मी लीगल काय आहे ते बघतो." लीगल काय असणार त्यात, देव जाणे.

शेवटी ज्योतीने रेवाला फोन लावला. रेवा म्हणाली, "आई, फोन इंजिनजवळ धर आणि किल्ली फिरव."

ज्योतीने फोन धरला. टक्-टक्.

"बॅटरी नाही ती. बॅटरीचं टर्मिनल लूज आहे. टायर बदलायचा पाना आहे ना मागे? त्याने हळू ठोक, मग हाताने घट्ट दाब."

ज्योतीने ठोकलं. गाडी चालू झाली.

घरी गाडीतून उतरताना ज्योती म्हणाली, "वर्षा, हे कोणाला सांगू नको."

म्हणून लगेच सगळ्यांना सांगितलं.

*

आणि मग बातमी आली. गावाच्या बजेटमध्ये हायस्कूलचा खर्च कापणार, आणि कापायच्या यादीत पहिलं नाव ऑटो शॉपचं. पुढच्या वर्षीपासून गॅरेजला कुलूप.

काका म्हणाले, "आलं का कुलूप इथंपण!"

रेवा रडली नाही. खोलीत जाऊन बसली आणि आईशी बोलणं बंद केलं. कारण ज्योतीने बातमी ऐकल्या ऐकल्या म्हटलं होतं, "बरंच झालं! मी सत्यनारायण घालते!"

पूजेची तारीखसुद्धा ठरली होती. गुरुजी बोस्टनहून येणार होते.

पूजेच्या आधी गावाच्या लायब्ररीत बजेटबद्दल एक माहितीची बैठक झाली. ज्योती तिथे गेली ती शॉप बंद होतंय ना, याची खात्री करायला. आपल्याकडची माणसं कुठल्याही बैठकीत मागे बसतात, तशी आम्ही मागे बसलो. एक गृहस्थ उठले. चांगला कोट, चांगला आवाज. म्हणाले, "गावात कितीतरी लोक फक्त शाळेसाठी येतात. इथे मत देत नाहीत. मुलं ग्रॅज्युएट झाली की निघून जातात. त्यांच्या मुलांसाठी आपण गॅरेज का चालवायचं?"

नाव घेतलं नाही कुणाचं. पण पुढच्या दोन रांगांनी मागे वळून बघितलं.

मिलिंदने मान खाली घातली. मी माझी पर्स घट्ट धरली. आम्हाला या गोष्टी ऐकू न येण्याची सवय आहे. आपण पाहुणे, आपण व्हिसावर, आपण गप्प बसावं. घरी येऊन मग वरण-भातावर राग काढावा.

ज्योती तरातरा पार्किंग लॉटमध्ये गेली. मग गाडीच्या टपावर हात आपटून म्हणाली, "ते शॉप बंद करायचं असेल तर मी करीन! माझी पोरगी आहे, मी तिच्याशी भांडीन, मी तिला अडवीन. हा कोण? हा कोण बे?"

गुरुजींना फोन करून पूजा कॅन्सल केली.

*

आता प्रमोदचा किस्सा. हा सांगू नये असं त्याने मला फार विनवलं आहे.

कापलेले पैसे शाळेला परत द्यायचे की नाही, हे गावसभेत ठरणार होतं. इथे जुनी पद्धत आहे. गावातले मतदार एका जागी जमतात, भांडतात, आणि हात वर करून गावाचं बजेट ठरवतात. काकांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे ग्रामसभा! अमेरिकेत ग्रामसभा! आमच्याकडं सह्या घरी नेऊन घेतात, इथं खरंच भरते?"

खरंच भरते. पण मत देणार कोण? आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. ज्योतीचंही रांगेत, आणि ती रांग कधी संपेल याचा हिशेब प्रमोदनेसुद्धा सोडून दिला आहे. काका टुरिस्ट व्हिसावर. उरला प्रमोद. प्रमोद दोन वर्षांपूर्वीच सिटिझन झाला होता! आम्ही केक कापला होता, त्यावर झेंडा होता.

प्रमोद तयारीला लागला. दोन्ही खांब नव्या रंगात काढले. मीही त्याला चिडवणं बंद केलं, कारण आमच्याकडचं एकमेव मत त्याचं होतं.

सभेच्या आदल्या आठवड्यात रेवाने सहज विचारलं, "प्रमोदकाका, हाऊ डिड यू रजिस्टर? मी तर ऑनलाइन केलं."

प्रमोद म्हणाला, "काय रजिस्टर?"

रेवाने फोनवरची तारीख त्याच्यापुढे धरली.

"व्होटर म्हणून. डेडलाइन गेली ना."

प्रमोदने सिटिझनशिप कशासाठी घेतली होती, तर युरोपला व्हिसा लागू नये म्हणून! पासपोर्ट दुसऱ्याच आठवड्यात काढला. स्वित्झर्लंडला जाऊन आला. मतदार म्हणून नाव नोंदवायचं असतं, हे त्याच्या एकाही तक्त्यात आलं नव्हतं.

काकांनी शेजारची खुर्ची ओढली. मग म्हणाले, "आता तूही विनाअनुदानित. ये, बस माझ्या शेजारी."

आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. रेवा 'मी केलं' म्हणाली होती. जन्माने ती इथली नागरिक, आणि एप्रिलमध्ये ती अठराची झाली होती. नागपूरपायी वाया गेलेलं ते एक वर्ष, ज्याच्यावरून ज्योती अजून सरकारला शिव्या देते, ते नसतं गेलं तर रेवा यंदाच शाळेतून पास होऊन बाहेर पडली असती आणि शॉपशी तिचा संबंध संपला असता. आता ती शाळेतही होती आणि मतदारही होती.

*

सभा हायस्कूलच्या जिममध्ये होती. दारावर बाई बसलेली, नाव तपासून मतदारांना हिरवं कार्ड देत होती. मत मोजतात ते कार्डावर. ज्यांना कार्ड नाही त्यांनी डावीकडच्या रांगेत बसायचं. त्या रांगेच्या खुर्च्यांना निळी फीत बांधली होती, म्हणजे आम्ही वाऱ्यावर उडत मतदारांत मिसळू नये!

फितीच्या अलीकडे काका, प्रमोद, मिलिंद, मी, ज्योती. पलीकडे तिसऱ्या रांगेत रेवा एकटी, हातात कार्ड. ज्योतीशी तिचं अजून नीट बोलणं नव्हतं. आई शॉपच्या बाजूने आली आहे की ते बंद होतंय ना हे बघायला, हे तिला कळत नव्हतं.

मतदार नसलेल्याला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते. ज्योतीने हात वर केला. सभेचे संचालक, पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ, म्हणाले, कुणाची हरकत आहे का? लायब्ररीतला तो चांगला कोट उठला. "आय ऑब्जेक्ट." मग सभेचं मत घेतलं, आणि थोड्याशा फरकाने परवानगी नाकारली.

मिलिंद कुजबुजला, "बस खाली, ज्योती. प्लीज."

ज्योती बसली नाही. तेवढ्यात पलीकडे रेवा उठून माइककडे गेली. आपलं नाव सांगितलं, रस्त्याचं नाव सांगितलं, जसं मतदार सांगतात. आणि मग तिला काही सुचेना. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोललीच नव्हती.

फितीच्या अलीकडून आवाज आला, "रेवा, घाबरून नको राहू. मी सांगते ते त्यांना सांग."

संचालकांनी हातोडी आपटली. "मॅम, मतदार नसलेल्यांना सभेशी बोलता येणार नाही."

रेवा माइकमध्ये म्हणाली, "सर, ती सभेशी नाही बोलत. ती माझ्याशी बोलतेय. ती दिवसभर बोलते."

जिम हसली. संचालकांनी नियमाचं पुस्तक उघडलं, बघितलं, आणि बंद केलं. आईने मुलीशी बोलू नये, असा नियम त्यात सापडला नाही.

ज्योती मराठीतच म्हणाली, "सांग, मला हे ऑटो शॉप आवडत नाही."

रेवाने वळून आईकडे बघितलं. चेहरा पडला. पण तिने इंग्रजीत सांगितलं, "माझी आई म्हणते, तिला ऑटो शॉप आवडत नाही."

चांगल्या कोटाने मान डोलावली.

"सांग, माझ्या पोरीनं गाड्या दुरुस्त कराव्या की नाही, यावर मी तिच्याशी पुढचं वर्षभर भांडणार आहे."

रेवाने सांगितलं. आता तिचा आवाज सापडला होता.

"आणि सांग, भांडायला शॉप जागेवर पाहिजे. ते तुम्ही काढून घ्यायचं नाही. पोरगी काय होईल ते ती ठरवेल, नाहीतर मी ठरवीन. तुमचं बजेट नाही ठरवणार!"

रेवाने शब्दन् शब्द सांगितला. मागे कुणीतरी एकटंच टाळी वाजवायला लागलं, मग दुसऱ्याने. मी बघितलं, ती फिजिक्सची शिक्षिका होती.

मतदान झालं. पैसे परत देण्याची बजेटमधली दुरुस्ती मंजूर झाली, शॉप राहिलं. पुढच्या वर्षी रेवा ॲडव्हान्स्ड कोर्स करणार आहे आणि ज्योती रोज भांडते आहे. पण किस्सा निकालाचा नाही.

किस्सा मोजणीच्या वेळचा. "बाजूने असतील त्यांनी कार्ड वर करा," संचालक म्हणाले, आणि हिरवी कार्डं वर गेली. रेवाचं सगळ्यांत उंच. मोजणारे स्वयंसेवक रांगांतून फिरायला लागले. तेवढ्यात आमच्या रांगेच्या टोकाला हालचाल झाली. काकांनी हात वर केला होता. हातात काही नाही, नुसता हात. म्हातारा हात, कोपरात जरा वाकलेला, पण वर.

मग ज्योतीचा वर गेला. मग प्रमोदचा. मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "वर्षा, व्हिसा! विचार कर!" मी विचार केला आणि हात वर केला. मागच्या खुर्च्यांवर एक ब्राझीलचं कुटुंब होतं, एक घानाची नर्स होती. त्यांचेही गेले. फितीच्या अलीकडची सगळी रांग हात वर करून बसली होती. शेवटी मिलिंदने डोळे मिटले आणि हात वर केला.

मोजणारा तरुण फितीपाशी येऊन थांबला. गोंधळला बिचारा. ज्योतीकडे वाकून हळूच म्हणाला, "मॅम, आय ॲम सॉरी. तुमचे हात मोजले जाणार नाहीत. खाली घ्या, प्लीज."

ज्योती म्हणाली, "माहीत आहे. राहू दे वर. दुखत नाहीये."